दोन्ही घरचा पाहुणा

न्यूयॉर्कमधल्या एखाद्या ऑर्थोडॉक्स ज्यू हायस्कूलचं वेळापत्रक हातात घेतलं की आधी डोळ्यांत भरते ती त्याची लांबी. सकाळी आठच्या सुमारास प्रार्थना, मग दुपारपर्यंत तालमूद (प्राचीन रब्बींच्या धर्मचर्चांचा ग्रंथ), बायबल, हिब्रू आणि धर्मनियम. जेवण झाल्यावर बीजगणित, रसायनशास्त्र, अमेरिकेचा इतिहास, शेक्सपिअर. मुलं घरी निघतात तेव्हा पाच तरी वाजलेले असतात. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ लागतो म्हणून त्या दिवशी शाळा लवकर सुटते. आणि नव्या इयत्तेची घडी जरा बसतेय तोवर नववर्ष, उपवासाचा योम किप्पूर, मांडवांचा सुक्कोत असे सण एकामागून एक येतात आणि ती मोडून टाकतात. उरलेल्या तासांत दोन शाळा बसवायच्या.

सकाळच्या शाळेला म्हणतात 'लिमुदे कोदेश', दुपारच्या शाळेला 'लिमुदे खोल'. कोदेश म्हणजे पवित्र. खोल म्हणजे साधं, रोजचं, शब्बाथ संपल्यावर सुरू होणाऱ्या सहा दिवसांचं. हिब्रूत वाळूलाही हाच शब्द. मराठी कानाला मात्र 'खोल' भलतंच काही सांगून जातो, आणि या प्रश्नाचा इतिहास वाचताना मला वारंवार वाटलं की आपला कान फारसा चुकत नाही. सगळं भांडण त्या 'खोल'च्या खोलीवरूनच आहे. गणित, विज्ञान, वाङ्मय हे पोटापुरतं उथळ पाणी, की त्यालाही तळ शोधत जावं असं काही आहे?

पोटापुरतं शिकायला पूर्वीपासूनच हरकत नव्हती. बापाने मुलाला तोरा (मोशेचं धर्मशास्त्र) शिकवावी तसा धंदाही शिकवावा, असं तालमूद सांगतं. काहींच्या मते पोहायलाही शिकवावं. अडचण येते ती पोटाचा प्रश्न नसताना शिकायचं म्हटल्यावर. तालमूदातच बेन दामा नावाचा भाचा आपल्या मामाला, रब्बी इश्माएलला, विचारतो की माझी तोरा शिकून झाली, आता ग्रीक विद्या शिकू का? मामा म्हणतो, तोरेचं मनन दिवसरात्र करायचं असतं; तेव्हा दिवसही नाही आणि रात्रही नाही अशी घटका शोध आणि तेव्हा शीक. नकार इतक्या सभ्यपणे क्वचितच दिला गेला असेल. पण त्याच परंपरेत पुढे मैमोनिडीस झाला, कैरोच्या दरबारातला वैद्य, ॲरिस्टॉटल कोळून प्यालेला आणि तरीही धर्मशास्त्राचा सर्वांत मोठा संहिताकार. त्याच्या पश्चात शंभर वर्षांनी, 1305 मध्ये, बार्सिलोनाच्या रब्बींनी पंचविशीच्या आतल्यांना ग्रीक तत्त्वज्ञान वाचायला बंदी केली आणि वैद्यकाला त्यातून सूट दिली. विद्येवर बंदी घालतानाही वयाची अट आणि पोटाची सवलत ठेवणारी ही माणसं. आजच्या शाळांचे वाद वाचताना मला या फतव्याची सारखी आठवण येते, कारण हायस्कूल म्हणजे नेमकं त्या पंचविशीच्या आतलं वय.

शाळेच्या रूपात हा प्रश्न उभा राहिला तो अठराव्या शतकात. बर्लिनमध्ये 1778 साली ज्यू मुलांसाठी नव्या धर्तीची फुकट शाळा निघाली. पुढे सम्राट दुसऱ्या जोसेफने ऑस्ट्रियातल्या ज्यूंना सवलती देताना मुलांना जर्मन आणि व्यवहारी विषय शिकवण्याची अपेक्षा घातली, आणि 1782 मध्ये नफ्ताली हर्ट्झ वेसेली या हिब्रू कवीने तिच्या समर्थनार्थ एक पत्रक काढलं. माणसाची विद्या आणि देवाची विद्या अशा दोन विद्या आहेत, आणि मुलाला आधी माणसाची शिकवावी, असं त्याचं म्हणणं. रब्बी खवळले. गणित-भूगोल शिकवायचे एवढ्यावरून इतका गहजब झाला नसता. 'आधी' हा शब्द त्यांना खुपला. आजही एखादी शाळा तालमूद सकाळी ठेवते की दुपारी, यावरून पालक तिची जात ओळखतात.

हे दोन प्रवाह एका छपराखाली धिटाईने आणले ते सॅमसन राफाएल हिर्श यांनी. ते 1851 मध्ये फ्रँकफर्टच्या एका लहान ऑर्थोडॉक्स मंडळीचे रब्बी झाले आणि दोनच वर्षांत त्यांनी शाळा काढली. सिनेगॉगच्या इमारतीआधी शाळा, असा त्यांचा क्रम होता. मुलं आणि मुली दोघांसाठी, आणि अभ्यासक्रम जर्मन रेआलशुलेचा, म्हणजे आधुनिक विषयांच्या माध्यमिक शाळेचा. 'तोरा आणि त्याबरोबर जगाची रीत' हे जुनं मिश्नावचन त्यांनी ब्रीद म्हणून उचललं. 1859 मध्ये शिलरची जन्मशताब्दी आली तेव्हा या कर्मठ रब्बींनी शाळेत शिलरवर भाषण दिलं. त्यांच्या लेखी जर्मन कविता ही पोटाची सोय नव्हती; देवाने माणसाला दिलेल्या बुद्धीचाच तो आविष्कार होता. हे धाडस मोठं, पण त्याची किंमतही होती. फ्रँकफर्टच्या शाळेतून सचोटीचे व्यापारी, डॉक्टर, वकील निघाले, शब्बाथ काटेकोर पाळणारे. तालमूदाचे पंडित मात्र पूर्वेकडून आणावे लागत. दिवसाचे तास रबरी नसतात.

पूर्वेकडे याच्या उलट. आजच्या बेलारूसमधल्या वोलोझिनला 1803 च्या सुमारास निघालेली येशिवा, म्हणजे तालमूदाची पाठशाळा, हे तालमूदाचं काशीक्षेत्रच. रशियन सरकारने तिथे रशियन आणि इतर विषय शिकवण्याचा धोशा लावला आणि अखेर 1892 मध्ये येशिवा बंद पडली. बाहेरची विद्या आत घेण्यापेक्षा दार लावणं त्या रब्बींनी पसंत केलं, अशी कथा तेव्हापासून सांगितली जाते. इतिहासकारांनी कागदपत्रं तपासल्यावर ती इतकी सरळ राहिली नाही. संस्थेतले अंतर्गत वाद होते, सरकारचे संशय होते, आणि रशियन भाषेचे धडे तिथे आधीच थोडेफार चालत होते. प्रमुख रब्बी नफ्ताली त्सवी येहूदा बर्लिन यांच्या भाच्याने आठवणींत लिहून ठेवलंय की मामा वर्तमानपत्रं वाचत, शब्बाथच्या दिवशीसुद्धा. या आठवणींचं इंग्रजी भाषांतर 1988 मध्ये निघालं, तेव्हा अमेरिकेतल्या एका कर्मठ शाळेने ते पुस्तक देणगीदारांना भेट म्हणून पाठवलं, आणि आत काय आहे ते कळल्यावर चूक झाली असं कळवून परत मागवलं. वर्तमानपत्र वाचणारा पूर्वज परंपरेला परवडत नाही, मग परंपराच थोडी संपादित करायची.

सगळीकडे हा वाद धर्म विरुद्ध ज्ञान असाच होता असंही नाही. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये ज्यूज फ्री स्कूल या शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चार हजारांच्या घरात मुलं होती. रशिया-पोलंडमधून आलेल्या यिडिश बोलणाऱ्या मुलांना इंग्रज करून सोडणं हे तिचं काम. धर्म तिथे शिकवला जाई, पण पालकांचा त्यावर भरवसा नसे; संध्याकाळी ते मुलांना गल्लीतल्या खेडेरमध्ये, म्हणजे रब्बीच्या एका खोलीच्या शाळेत, पुन्हा बसवत. मोरोक्कोपासून इराणपर्यंत पॅरिसच्या 'आलियांस' या ज्यू संस्थेने 1860 नंतर जे शाळांचं जाळं विणलं, त्याचं उद्दिष्ट फ्रेंच भाषा आणि नागरिकत्व. अशा शाळांत कोदेशचा तास म्हणजे ताटाच्या कडेला वाढलेलं लोणचं.

मुलींची गोष्ट निराळी, आणि मला वाटतं या सगळ्या इतिहासातली सर्वांत उपरोधाची. तालमूद मुलग्यांसाठी, मुलींना तो शिकवण्याची गरजच नाही, अशी जुनी समजूत. परिणाम असा झाला की ऑस्ट्रियाच्या अमलाखालच्या क्राकूवमध्ये भाऊ खेडेरमध्ये डोलत असताना बहीण सक्तीच्या सरकारी शाळेत पोलिश आणि जर्मन कविता वाचू लागली. शिकली ती मुलगी, आणि घरापासून तुटली तीही मुलगीच. हे पाहून सारा शेनिरर या शिवणकाम करणाऱ्या बाईने 1917 मध्ये क्राकूवला मुलींचा वर्ग सुरू केला. त्यातून 'बेस याकोव्ह' शाळांची चळवळ उभी राहिली. धर्माने मुलींना शाळेत आणलं ते त्यांना धर्मात ठेवण्यासाठी, आणि बरोबर गणित-भाषाही आल्या. आज इस्रायलमधल्या हरेदी, म्हणजे अतिकर्मठ, घरांत तेरा-चौदा वर्षांचा मुलगा येशिवेत फक्त तालमूद शिकतो, आणि त्याची बहीण गणित, इंग्रजी, कधी संगणकाची आज्ञावली शिकते, कारण उद्या नवरा येशिवेत बसला की घर तिला चालवायचंय. ज्या 'खोल'ला हलकं मानलं ते बायकांच्या वाट्याला आलं, आणि त्यावरच चूल पेटते.

अमेरिकेत मात्र कुणी सक्ती न करता दोन्ही अभ्यासक्रम जोडले गेले. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडवरच्या येशिवेचे प्रमुख म्हणून 1915 मध्ये बर्नार्ड रेव्हल आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी तालमूद आणि पूर्ण अमेरिकन माध्यमिक अभ्यासक्रम एकत्र देणारं हायस्कूल काढलं. त्यातूनच 1928 मध्ये येशिवा कॉलेज झालं. 'तोरा उमद्दा', म्हणजे तोरा आणि ज्ञानविज्ञान, हे त्या विद्यापीठाचं ब्रीद. त्याचा अर्थ काय यावर त्यांचे अध्यक्ष नॉर्मन लॅम यांना 1990 मध्ये आख्खं पुस्तक लिहावं लागलं. त्यात एक नाही, अनेक अर्थ मांडले आहेत. ब्रीदवाक्य आधी आणि त्याचा अर्थ मागाहून, हे शाळांच्या बाबतीत नेहमीचंच.

प्रत्यक्षात वर्ग कसे चालत? अनेक येशिवा हायस्कुलांत सकाळी दाढीवाले रब्बी यिडिश मिसळलेल्या इंग्रजीत तालमूद शिकवत आणि दुपारी सरकारी शाळेतली नोकरी आटोपून आलेले शिक्षक गणित-इंग्रजी शिकवत. दोन स्टाफ जणू एकमेकांना जिन्यावरच भेटत. शहरात तेव्हा उत्तम शिक्षक मुबलक होते म्हणून दुपारची शाळाही चांगली चाले. पण सकाळी रब्बीने सांगितलेलं आणि दुपारी जीवशास्त्राच्या मास्तरांनी सांगितलेलं एकमेकांशी कसं जुळवायचं, हे काम पंधरा वर्षांच्या मुलावर सोडलेलं असे. मोठ्यांनी दोन ताटं वाढायची आणि पचवायचं मुलाने. वेळापत्रकात दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की त्या आपोआप जुळतात, असा एक भाबडा समज या शाळांच्या मुळाशी होता, आणि अजून तो पुरता गेलेला नाही.

बॉस्टनमध्ये 1937 साली निघालेल्या मैमोनिडीस शाळेचं मोल मला यासाठी वाटतं. ती काढणारे रब्बी जोसेफ सोलोव्हेचिक यांचे आजोबा वोलोझिनला, तिथली येशिवा बंद पडली तेव्हा, शिकवत होते. स्वतः नातवाने बर्लिनमध्ये हेरमान कोहेन या कांटवादी विचारवंताच्या तत्त्वज्ञानावर डॉक्टरेट केलेली. आजोबांची तालमूद चिरण्याची पद्धत आणि कांटचं तर्कशास्त्र एकाच डोक्यात नांदत होतं, आणि शाळेत मुलींनाही तालमूद शिकवला गेला. मुलांना दोन्ही घरं एकाच माणसात दिसत होती. पुढे या प्रवाहाच्या अनेक शाळांनी इमारती, प्रयोगशाळा, महागडे अभ्यासक्रम जमवले. पण शिक्षकांच्या खोलीत तसा माणूस असणं ही गोष्ट फी वाढवून मिळत नाही. फी तर वाढलीच आहे. न्यूयॉर्कच्या परिसरात एका मुलाच्या हायस्कूलला वर्षाला तीस-चाळीस हजार डॉलर हा सर्रास आकडा झालाय, आणि तीन-चार मुलं असलेल्या घरात धर्म आणि ज्ञान यांचा समन्वय हा आधी बँकेच्या हप्त्यांचा प्रश्न असतो.

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण जिथे शब्दशः खरी ठरल्याचा आरोप झाला ती जागा त्याच शहरात आहे: ब्रुकलिनमधल्या हसिदी या अतिकर्मठ पंथाच्या मुलांच्या शाळा. तिथे लहान मुलांना दिवस कलल्यावर तासदीड तास इंग्रजी-गणित आणि तेराव्या वर्षानंतर बहुतेक ठिकाणी तेही नाही. बेन दामाला मामाने सांगितलेली दिवस-रात्रीमधली घटका न्यूयॉर्कने अशी शोधून काढली. या शाळांतूनच शिकून बाहेर पडलेल्या काहींनी 2015 मध्ये शहराकडे तक्रार केली. खासगी शाळेचं शिक्षण सरकारी शाळेशी 'बऱ्याच अंशी समान' हवं, हा राज्याचा एकोणिसाव्या शतकातला कायदा. 2019 मध्ये एका मोठ्या हसिदी शाळेतल्या हजाराहून अधिक मुलांनी राज्याच्या वाचन-गणिताच्या परीक्षा दिल्या आणि एकही उत्तीर्ण झाला नाही, हे 2022 मध्ये वृत्तपत्रातून बाहेर आलं. त्याच महिन्यात राज्याने नियम कडक केले, आणि 2023 मध्ये शहराने 18 शाळा निकषात बसत नसल्याचं सांगितलं. शाळांची बाजू अशी की मुलांनी कसं जगावं हे आईबापांनी ठरवायचं, आणि दिवसाला आठ-नऊ तास अवघड कायदेशीर मजकूर जोडीने वाद घालत वाचणारा मुलगा अशिक्षित कसा? या दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे. तालमूदाचं एक पान समोरासमोर बसून फोडणं ही बुद्धीची तालीम आहेच. पण ज्या मुलाला देशाच्या भाषेत अर्ज लिहिता येत नाही त्याला निवड करायला वावच उरत नाही. तालमूदाने बापाला सांगितलेला धंदा आणि पोहणं, दोन्ही इथे विसरलं जातंय.

इस्रायलमध्ये 1953 च्या कायद्याने सरकारी शाळांचे सर्वसाधारण आणि धार्मिक असे दोन प्रवाह पाडले, आणि हरेदी शाळा त्यांच्याबाहेर राहिल्या. धार्मिक प्रवाहातली येशिवा-हायस्कुलं, ज्यांचा आदर्श 1940 मध्ये क्फार हारोए इथे उभा राहिला, सकाळी तालमूद आणि दुपारी शालान्त परीक्षेचे विषय अशी चालतात. हरेदी मुलग्यांच्या येशिवांना 2008 मध्ये कायद्यानेच मूलभूत विषयांतून सूट मिळाली. गंमत म्हणजे तिथे भाषेचा प्रश्न फारसा नाही, हिब्रू बहुतेकांचीच. बायबल सर्वसाधारण शाळांतही शिकवलं जातं, वाङ्मय आणि इतिहास म्हणून. कोदेश आणि खोल यांच्यातली भिंत मग पुस्तकावरून ठरत नाही. ते उघडताना मनात काय आहे, त्यावरून ठरते.

आता आपल्या किनाऱ्याकडे. कोकणातल्या बेने इस्रायलांच्या बाबतीत हा सगळा क्रम उलटा आहे, आणि ज्यू शिक्षणाच्या आढाव्यांत तो फारसा येत नाही. घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे 'शनिवार तेली' शब्बाथ, सुंता आणि 'शमा'ची प्रार्थना एवढं जपून होते, ग्रंथ नव्हते. एकोणिसाव्या शतकात त्यांना हिब्रू शिकवली ती काही कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी आणि बरीचशी ख्रिस्ती मिशनऱ्यांनी. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. म्हणजे युरोपात ज्या आधुनिक शाळेने मुलं धर्मापासून तुटतील अशी धास्ती होती, त्याच शाळेने इथे धर्मग्रंथ हाती दिला. मिशनऱ्यांचा हेतू अर्थातच वेगळा होता. शिष्यांनी व्याकरण ठेवलं आणि धर्मांतर नाकारलं. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी मुंबईत ससूनांच्या शाळेचं मुख्याध्यापकपद सांभाळत हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. कीर्तनाच्या पाटावर अब्राहम आणि योसेफ उभे राहिले. 1875 मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी काढलेली इस्रायली शाळा पुढे माझगावात सर एली कदूरी हायस्कूल झाली; रिबेका रूबेन यांनी तिथे जवळजवळ तीन दशकं मुख्याध्यापकपद सांभाळलं. हिब्रू, इंग्रजी आणि मराठी एकाच दप्तरात. समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला. आज या शाळेतले बहुतेक विद्यार्थी ज्यू नाहीत.

गेली काही दशकं अमेरिकेतल्या शाळांत 'जोडकाम' हा परवलीचा शब्द आहे. त्याच्या नावाखाली पुष्कळ पोरकटपणा चालतो. हनुक्काच्या आठ रात्रींच्या ज्योती मोजून 36 आणि रोजची एक पेटवणी धरून 44, असा हिशेब करून घेतला म्हणजे गणित आणि धर्म जुळले, असं मानणारे आहेत. खरं जोडकाम जिथे दोन्ही विषयांना एकमेकांची गरज पडते तिथे होतं. 1492 घ्या. त्या उन्हाळ्यात स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी झाली, आणि मुदत संपता संपताच कोलंबसची गलबतं निघाली. त्याच्याजवळची ग्रहगणिताची कोष्टकं अब्राहम झकूतो या ज्यूची. सकाळच्या इतिहासात रडणं आणि दुपारच्या इतिहासात विजय, असं वेगवेगळं शिकवलं तर मुलाला वर्ष एकच आहे हेही लक्षात येत नाही. किंवा पंचांग घ्या. हिब्रू पंचांग आपल्यासारखंच चांद्र-सौर. 19 वर्षांत सात वेळा अधिक महिना घालून वल्हांडण वसंतात ठेवायचा. तासाचे 1080 भाग करून महिन्याची लांबी मोजणारे रब्बी खगोल शिकत होते की धर्म, हा प्रश्न त्यांना कळलाही नसता. उत्क्रांती, विश्वाचं वय, बायबलची चिकित्सा इथे मात्र जोड बसत नाही, घासते. विज्ञान आणि तोरा यांचा मेळ घालणाऱ्या रब्बी नतान स्लिफ्किन यांच्या पुस्तकांवर वीस वर्षांपूर्वी थोर रब्बींनी बंदी घातली. बऱ्याच शाळा अशा वेळी सकाळी एक आणि दुपारी दुसरं सांगून मोकळ्या होतात.

मला या साऱ्यात रॉबर्ट ऑमन यांचं उदाहरण सोडवत नाही. जन्म 1930, हिर्श यांच्याच फ्रँकफर्टमध्ये. 1938 मध्ये कुटुंब निसटून न्यूयॉर्कला आलं. मुलगा लोअर ईस्ट साइडच्या येशिवा हायस्कुलात सकाळी तालमूद आणि दुपारी भूमिती शिकला. तिथल्या गणिताच्या शिक्षकाचं ऋण त्यांनी पुढे आवर्जून सांगितलं. ते गणिती झाले, जेरुसलेमला गेले, 2005 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तालमूदात एक कोडं आहे. नवरा मेला, तीन बायकांची देणी 100, 200 आणि 300. मागे 100 राहिले तर तिघींना सारखे. 300 राहिले तर 50, 100, 150. आणि 200 राहिले तर 50, 75, 75. हा कसला हिशेब, यावर भाष्यकारांनी शतकानुशतकं डोकी फोडली. ऑमन आणि मिखाएल माश्लर यांनी 1985 मध्ये दाखवलं की तिन्ही वाटण्यांत एकच नियम आहे आणि तोही तालमूदातलाच. एका वस्त्रावर दोघांचा हक्क, एक म्हणतो सगळं माझं, दुसरा म्हणतो अर्धं माझं. दुसऱ्याने जे मागितलंच नाही ते अर्धं पहिल्याचं, वादातलं अर्धं दोघांत सारखं. पहिल्याला पाऊण, दुसऱ्याला पाव. तीन बायकांपैकी कुठल्याही दोघींची मिळकत एकत्र करून या नियमाने वाटली, की तालमूदातलेच आकडे येतात. विसाव्या शतकात विकसित झालेल्या खेळ-सिद्धांतातल्या एका संकल्पनेशीही ते तंतोतंत जुळतात.

ते पान ऑमन यांना दाखवलं होतं त्यांच्या थोरल्या मुलाने, श्लोमोने. तो येशिवेत शिकत होता. जून 1982 मध्ये लेबनॉनच्या युद्धात तो मारला गेला. निबंध त्याच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे.